शेतातल्या जुन्या खोलीत लाकडाची शेगडी आणि धुराडं बसवायचं आहे (काटोल रोड, नागपूर)

संत्राबाग (धागाकर्ती), ११ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. काटोल रोडला आमची संत्र्याची बाग आहे. बागेत आजोबांच्या वेळची एक खोली आहे, १२ बाय १४ ची. नऊ इंची विटांच्या भिंती, आठ फुटांवर सागाच्या फळ्यांचं सपाट छत, त्याच्या वर पूर्वी कवेलू (कौलं) होते, आता टिन आहे. डिसेंबर-जानेवारीत लाइन (शेतीची वीज) रात्रीची असली की ओलितासाठी बाबा तिथेच मुक्कामाला राहतात. दोन वर्षांपासून आईही सोबत जाते.

मागच्या जानेवारीत एका रात्री त्यांनी कोळशाची शेगडी आत घेतली, दार-खिडकी लावली आणि झोपले. पहाटे मोटर बंद करायला बाबा उठले, दारापर्यंत पोचले आणि कडी काढून तिथेच उंबऱ्यावर बसले. पाय उचलेना म्हणतात. आई उठतच नव्हती. हाक मारली की डोळे उघडायची, पुन्हा मिटायची. दार उघडं राहिलं म्हणून दोघं वाचले. आईला दिवसभर ऑक्सिजनवर ठेवलं होतं. मी शहरात, फोन आला तेव्हा सकाळचे सात वाजले होते. तो फोन अजून कानात आहे.

म्हणून या वर्षी नीट धुराड्याची बंद शेगडी बसवायचं ठरवलं. एका फॅब्रिकेटरकडून ५ मिमी जाड लोखंडी प्लेटची पेटी करून घेतली, दाराला काच नाही पण घट्ट बसतं. पेटी चांगली आहे. पाइप मात्र त्यांनी ४ इंची जीआयचा दिला आणि फळ्यांच्या छतातून सरळ वर काढला. फळीला पाइपाच्या मापाचंच भोक, कागद सरकवायलाही फट नाही. दोन संध्याकाळी पेटवून पाहिली. दुसऱ्या दिवशी स्टुलावर चढून बघितलं तर पाइपाच्या भोवती बोटभर रुंदीत फळी चहाच्या डागासारखी तपकिरी झाली होती आणि जुन्या तव्यासारखा वास येत होता. त्यानंतर काडी लावलेली नाही.

फॅब्रिकेटर म्हणतात, "साग आहे, काही होत नाही." मला ते पटत नाही. काय काय बदलावं लागेल ते स्पष्ट सांगा. खर्च करायची तयारी आहे.

लोहाओळी, ११ नोव्हेंबर, रात्री १०:१५

ताई, पेटवणं थांबवलं हे फार चांगलं केलं. तो पाइप आधी काढा.

जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, आणि शेगडीच्या तोंडाजवळचा पाइप जोरात जाळ असताना तिथपर्यंत सहज जाऊ शकतो. तो धूर छातीत गेला की ताप, कणकण, अंगदुखी. वेल्डिंगवाल्यांना हा ताप चांगला ठाऊक असतो. आत काळ्या लोखंडाचा किंवा स्टेनलेसचा पाइप, दुसरा विचार नाही.

दुसरं, तुमच्या पेटीचं तोंड किती इंचाचं आहे? त्या आकाराच्या पेटीला बहुतेक ६ इंची तोंड असतं. ६ चं तोंड आणि पुढे ४ चा पाइप म्हणजे धुराचा गळा आवळणं. तोंडाच्या मापापेक्षा पाइप कधीही बारीक करू नये. इतवारीत कोणी स्वस्तात सिमेंटचा पाइप दाखवला तर तोही घेऊ नका. ॲस्बेस्टॉसचा असेल तर तापल्यावर तडकतो, त्याचे तुकडे उडतात आणि ती धूळ फुप्फुसाला वाईट.

निवृत्त_सुभेदार, १२ नोव्हेंबर, सकाळी ६:०५

बेटा, मी कामठीचा. नोकरीतली सहा वर्षं काश्मीर आणि लडाखमध्ये काढली, तिथे बुखारीशिवाय (खोली तापवायची धुराड्याची लोखंडी शेगडी) हिवाळा नाही. बुखारीचा आमचा पहिला नियम: झोपण्याआधी विझवायची. धुराडं कितीही चांगलं असो. पेटती असताना एक माणूस जागा आणि खिडकी थोडी उघडी. हे नियम माणसं गमावून शिकलेले आहेत, म्हणून कोणी "थंडी आहे, राहू द्या" म्हटलं तरी ऐकायचं नाही.

आई-बाबांना हे तू समोर बसून सांग. फोनवर नको.

मिनेसोटातला_नागपूरकर, १२ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

धरमपेठेत वाढलो, अकरा वर्षं मिनेसोटात आहे. घरात लाकडाची शेगडी आहे आणि हिवाळ्यात रोज पेटते, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

फळी तपकिरी झाली ही गोष्ट हलक्यात घेऊ नका. लाकूड एरवी अडीचशे-तीनशे अंशांना पेट घेतं. पण तेच लाकूड दर थंडीत शेकत राहिलं तर आतून कोळशासारखं होत जातं आणि मग पुष्कळ कमी उष्णतेला पेटतं. त्यामुळे पहिली दोन वर्षं काहीच होत नाही आणि लोक निश्चिंत होतात. आग तिसऱ्या-चौथ्या वर्षी लागते, तीही छताच्या वर, जिथे कोणाचं लक्ष नसतं.

इथे अमेरिकेत अंतरांचे नियम ठरलेले आहेत. ज्या शेगडीची प्रयोगशाळेत तपासणी झालेली नाही (तुमची तशीच आहे) ती लाकूड, पडदा, गादी अशा जळणाऱ्या वस्तूंपासून ३६ इंच दूर. एकपदरी पाइप लाकडापासून १८ इंच दूर. मध्ये एक इंच हवेची फट सोडून पत्र्याची आडभिंत लावली तर हे अंतर कमी करता येतं. पत्रा भिंतीला चिकटवला तर त्याचा काही उपयोग नाही, काम ती फट करते. तिच्यातून गार हवा खालून शिरते आणि वरून गरम होऊन निघते, त्यामुळे मागची भिंत तापत नाही. खाली-वर मोकळं ठेवा.

शेगडीच्या दारासमोर जमिनीवर निदान १८ इंच न जळणारी फरशी हवी.

छतातून किंवा भिंतीतून जाताना एकपदरी पाइप चालत नाही. तिथे दोन पदरी, मध्ये उष्णतारोधक भरलेला हवा. इथे तयार मिळतात, त्यांना लाकडापासून २ इंच अंतर पुरतं. तुम्ही नागपुरात बनवून घेणार, त्या पाइपाची तपासणी कोणी केलेली नसणार, म्हणून मी दुप्पट, म्हणजे ४ इंच धरेन. आत ६ इंची, बाहेर १० इंची, मधल्या दोन इंचांत सिरॅमिक ब्लँकेट. भट्ट्यांना अस्तर लावणाऱ्यांकडे १२६० अंशांचं ब्लँकेट मिळतं. हात लावताना मास्क आणि हातमोजे घाला, त्याचे तंतू वाईट.

उंचीचा नियम: छतातून जिथे बाहेर पडेल तिथून निदान ३ फूट वर, आणि १० फुटांच्या आत जे काही उंच असेल त्यापेक्षा २ फूट वर.

फिडरचा_ग्राहक, १२ नोव्हेंबर, दुपारी १:२०

एवढं सगळं करण्यापेक्षा विजेवरचा तेलाचा हीटर का घेत नाही? नागपूरची थंडी ती किती, जेमतेम दीड महिना.

संत्राबाग (धागाकर्ती), १२ नोव्हेंबर, रात्री ८:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. तोंड मोजलं, ६ इंचच आहे. लोहाओळी दादा, तुमचा अंदाज बरोबर निघाला.

हीटरबद्दल: रात्री लाइन येते ती मोटरसाठी, आणि कमी दाबात खोलीतला बल्बसुद्धा लालसर दिसतो. त्यावर हीटर चालत नाही, आम्ही करून पाहिलं. आणि थंडी दीड महिन्याची असली तरी खरी असते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर गेला होता. शेतात, ओल्या वाफ्यांजवळ, त्याहून गार वाटतं. बाबा पासष्टीचे आहेत, पाण्यातून येऊन ओल्या पायांनी झोपतात.

सुभेदार काका, आजच घरी समोर बसून बोलले. आईने आधीच ठरवलं होतं, बाबांना पटायला वेळ लागला.

रात्रपाळी, १३ नोव्हेंबर, रात्री २:१०

मी अतिदक्षता विभागात काम करते. एकच गोष्ट सांगायची आहे, कारण ती वारंवार चुकते.

कोविडपासून घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आहे. शेगडीच्या धुराने कोणी गळून गेलं की नातेवाईक ते लावतात, ९८ दिसतं आणि निर्धास्त होतात. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि साध्या ऑक्सिमीटरला त्या दोघांतला फरक कळत नाही. यंत्र ९८ दाखवत राहतं आणि माणूस गुदमरत असतो. डोकं दुखणं, मळमळ, झोप अनावर होणं, आणि खोलीतल्या सगळ्यांना एकाच वेळी होणं, यावरूनच ओळखायचं. बाहेर मोकळ्या हवेत आणा आणि तडक दवाखाना गाठा. साध्या हवेत तो वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, पूर्ण ऑक्सिजनवर साधारण तासा-दीड तासात. ताई, तुमच्या आईला ऑक्सिजन लावला तो यासाठीच.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या. बॅटरीवर चालणारा. त्या वायूला वास नाही, रंग नाही, झोपलेल्या माणसाला दुसरं काहीही उठवणार नाही.

कवेलू, १३ नोव्हेंबर, सकाळी ११:००

मी बांधकामातला आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. छतातून पाइप नेऊच नका.

मिनेसोटातल्या दादांचं सगळं बरोबर आहे, पण तिथे बर्फ पडतो आणि इथे मृगापासून चार महिने पाऊस झोडपतो. टिनाला पाडलेलं प्रत्येक भोक दोन-तीन पावसाळ्यांत गळतं, कितीही डांबर लावा. टिन उन्हाळ्यात ४६ अंशांत ताणतं, रात्री आकसतं, पाइप स्वतः वेगळा ताणतो, आणि सील सुटतं. पाणी उतरलं की तुमच्या सागाच्या फळ्या कुजणार. शिवाय सगळा धोका त्या फळ्यांचा आहे, तर त्यांच्याजवळ जायचंच कशाला? नऊ इंची वीट हातात आहे. भिंतीतून बाहेर काढा आणि बाहेरून उभा करा.

भिंत फोडण्याआधी आत लाकूड आहे का ते बघा. जुन्या बांधकामात खिडकीवर सागाची पाटली असते आणि ती भिंतीत दोन्हीकडे हातभर आत शिरलेली असते, प्लास्टरखाली दिसत नाही. हातोडीने ठोकत जा, आवाज बदलतो.

मिनेसोटातला_नागपूरकर, १३ नोव्हेंबर, रात्री ९:४५

मी सरळ वर जाणाऱ्या पाइपाचा आग्रह धरणारा आहे. धूर गरम राहिला तर ओढ चांगली लागते, म्हणजे धूर जोरात वर खेचला जातो. बाहेरचा पाइप गार पडतो, धूर १२० अंशांच्या खाली आला की त्यातला डांबरासारखा अंश पाइपाच्या आत धरतो. ती चिकट काजळी पेटली तर पाइपात हजार अंशांच्या वर भट्टी होते.

पण तुमच्याकडे बाहेर उणे २५ नाही, अधिक ८ आहे. पावसाचं गणितही मी विसरलो होतो. कवेलू यांचं म्हणणं मला पटलं, एका अटीवर: बाहेरचा संपूर्ण पाइप दोन पदरी हवा. आडवा तुकडा शक्य तितका लहान, आणि तो बाहेरच्या दिशेने चढता हवा.

लोहाओळी, १३ नोव्हेंबर, रात्री १०:०५

चढ किती ते मिस्त्रीला असं सांगा: दर फुटाला दोन सूत (पाव इंच). आणि बाहेर जिथे पाइप उभा होतो तिथे कोपरा लावू नका, 'टी' (इंग्रजी T च्या आकाराचा जोड) लावा. टीचं खालचं तोंड झाकणाने बंद. काजळी तिथे पडते, वर्षातून एकदा झाकण काढून ब्रश घालायचा. कोपरा लावला तर साफ करायला पाइप खोलावा लागेल आणि मग तो कोणी खोलत नाही.

आतल्या पाइपाचे तुकडे जोडताना बारीक केलेलं टोक शेगडीच्या दिशेने, खाली. सगळे उलटं लावतात, धूर वर जातो म्हणून. पण जोड धुरासाठी नसतो, आतून उतरणाऱ्या काळ्या पाण्यासाठी असतो. ते आतल्या आत शेगडीत पडलं पाहिजे, जोडातून बाहेर भिंतीवर नाही. प्रत्येक जोडाला तीन स्क्रू.

वऱ्हाडपांडे_नाही_वऱ्हाडी, १४ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

ताई, पाइपाचं सारे सांगून राहिले, लाकडाचं कोणीच बोलून नाही राहिलं! अर्धा धूर तर ओल्या लाकडाचा असते जी.

तुमच्याकडे संत्र्याची सल (छाटलेल्या फांद्या) निघतेच ना. संत्र्याचं लाकूड घट्ट असते, निखारा टिकते. पण यंदाची सल यंदा नाही जाळायची. फेब्रुवारीत काढली, चिरली, अन् उन्हाळा खाऊ दिला की पुढच्या डिसेंबरात एकदम वाळली. जमिनीला टेकू नका देऊ, उधई लागते. दोन विटांवर रचा, वरून टिन, बाजू उघड्या. दोन फोडी एकमेकींवर मारून पाहा, खणखण वाजली तर वाळली, बद्द वाजली तर ओली. बाभूळ, धावडा सोन्यासारखं. पऱ्हाट्या अन् तुराट्या फक्त पेटवायले, त्याचा जाळ भडकते अन् ठिणग्या उडतात.

लकडगंजातून आऱ्याचे तुकडे आणले तर प्लायवूड अन् रंगवलेलं वेगळं काढा, त्यातलं डिंक-रसायन घरात नको. अन् उमरेडकडचा दगडी कोळसा कोणी आणून दिला तरी या शेगडीत नाही. त्यातलं गंधक स्टेनलेसचा पाइप खाऊन टाकते.

संत्र्याची वाळलेली सालं ठेवत जा. त्यात तेल असते, एक मूठ टाकली की रॉकेल लागत नाही.

संत्राबाग (धागाकर्ती), ८ डिसेंबर, रात्री १०:३०

झालं. तीन आठवडे लागले, म्हणून उशिरा लिहिते आहे.

छतातला पाइप काढला. तपकिरी झालेली फळी कापून नवी बसवली. कापलेला तुकडा मी ठेवला आहे: वरून नुसता डाग दिसत होता, पण कापल्यावर कडेला दोन सूत खोलपर्यंत काळं होतं, नखाने खरवडलं की भुगा पडत होता. दोन संध्याकाळी, फक्त. फॅब्रिकेटरना तो तुकडा दाखवला. ते बराच वेळ हातात धरून उभे होते, मग म्हणाले पाइप मी बदलून देतो.

पाइप पूर्वेच्या भिंतीतून काढला, जिचं डोकं त्रिकोणी आहे. कवेलू दादा, हातोडीने ठोकत गेलो तर खिडकीची पाटली खरंच दीड हात आत निघाली. आम्ही जिथे खूण केली होती तिथेच! मग पाइप दोन फूट डावीकडे सरकवला. भिंतीतलं भोक पाइपापेक्षा मोठं ठेवलं, मध्ये ब्लँकेट भरलं, सिमेंटने आवळलं नाही. मिस्त्री प्लास्टर करायला निघाले होते, त्यांना दोनदा थांबवावं लागलं. पाइप तापून वाढतो, त्याला जागा हवी, हे पटवून दिलं.

आडव्या पाइपाची वरची कड फळ्यांपासून २१ इंच खाली आहे. तरी वर एक इंच फट ठेवून पत्रा टांगला. शेगडीखाली आणि समोर विटांचा थर, त्यावर शहाबादी. पेटीच्या आत भट्टीच्या विटा लावल्या. बाबांची खाट समोरच्या भिंतीला नेली, टेपने मोजून साडेसात फूट.

बाहेरचा पाइप दोन पदरी, जमिनीपासून १६ फूट. आढं १२ फुटांवर आहे, म्हणजे चार फूट वर. भिंतीला तीन पट्ट्या, वरच्या टोकाला तीन तारांचे ताण, मे महिन्यातल्या वावधनासाठी (वादळासाठी). टोकाला टोपी आणि अर्धा इंची जाळी, कारण खाली वाळलेलं गवत असतं. शेगडीला जितके पैसे लागले त्याच्या दुपटीहून जास्त पाइपाला लागले.

पहिल्या दिवशी पेटवली आणि सगळा धूर खोलीत आला. आई बाहेर पळाली. मी रडकुंडीला आले होते.

मिनेसोटातला_नागपूरकर, ९ डिसेंबर, सकाळी ७:१५

घाबरू नका. पाइपात रात्रभरची गार हवा बुचासारखी बसलेली असते, जड असते. पेपरचा एक सैल बोळा पेटवून शेगडीच्या वरच्या भागात, पाइपाच्या तोंडाजवळ धरा. एखाद्या मिनिटात ओढ सुरू होईल, मग खाली लाकूड पेटवा. ओढ लागली का ते बघायला उदबत्ती दाराच्या फटीशी धरा. धूर आत वळला पाहिजे.

पहिले तीन जाळ लहान ठेवा, रंगाचा वास येईल, खिडक्या उघड्या. आणि नंतर कधी हवेचं तोंड बंद करून रात्रभर धुमसत ठेवू नका. एवढ्याशा खोलीला लहान पण झणझणीत जाळ बरा.

निवृत्त_सुभेदार, ९ डिसेंबर, सकाळी ७:४०

राख रोज पूर्ण काढू नये, इंचभर राहू द्यावी, निखारा टिकतो. काढलेली राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, खोलीबाहेर, फरशीवर. वरून गार दिसते, आत निखारा दोन-दोन दिवस जिवंत असतो. प्लास्टिकची टोपली किंवा झाडाचं आळं नको.

संत्राबाग (धागाकर्ती), ६ जानेवारी, रात्री ११:२०

महिना झाला. उदबत्तीचा धूर आत वळतो, रोज पेटवताना आई स्वतः बघते. संध्याकाळी सातला पेटते, दहाला शेवटचं लाकूड, झोपण्याआधी निखारे विझलेले. तोवर विटा आणि शहाबादी इतक्या तापलेल्या असतात की पहाटेपर्यंत खोली गार पडत नाही. खिडकीची वरची झडप चार बोटं उघडी असते. अलार्म खाटेच्या डोक्याशी आहे, दर रविवारी बटण दाबून आवाज ऐकतो.

काल टीचं झाकण काढलं. चहाच्या कपाएवढी काजळी निघाली, कोरडी, भुरभुरीत. चिकट नव्हती.

आता एक विचारायचं आहे. होळीनंतर शेगडी नऊ महिने बंद राहील. पाइपात गांधीलमाश्या नक्कीच घर करतील. जाळी आहे पण अर्ध्या इंचातून माशी जाते.

लोहाओळी, ७ जानेवारी, सकाळी ९:१०

होळीनंतर ब्रश मारा, राख पूर्ण काढा. राख पावसाळ्यात ओल धरते आणि लोखंड खाते. पेटीला आतून तेलाचा हात फिरवा. वरची टोपी काढून तोंडावर पत्र्याचं डबडं उलटं घाला, तारेने बांधा. आणि शेगडीच्या दाराला लाल फडकं बांधून ठेवा, म्हणजे दिवाळीनंतर कोणी डबडं न काढता पेटवणार नाही.

संत्राबाग (धागाकर्ती), ७ जानेवारी, रात्री ८:००

लाल फडकं आईने आजच शिवून ठेवलं.